मणका मोडलेल्यांना घरी परत पाठवणारा डॉक्टर : लुडविग गुटमान

३ जुलै, जयंती विशेष

चिंच पाडताना फांदीवरून पडलेला, विहिरीच्या कामावर यारीचा दोर तुटून खाली गेलेला, नाहीतर ट्रॅक्टर पलटी होऊन त्याखाली सापडलेला माणूस नाही, असं गाव आपल्या भागात सापडणं अवघड आहे. त्यातला एखादा वाचतो, पण कंबरेखालचं अंग गेलेलं असतं. दवाखान्यातून घरी आणतात, पडवीत बाज टाकतात आणि सगळे वाट बघत बसतात. कशाची, ते कोणी तोंडाने बोलत नाही.

आमच्या शेजारच्या वस्तीवर असाच एक तरुण पोरगा चौदा महिने पडून होता. तो मणका मोडल्यामुळे गेला नाही. पाठीला आणि माकडहाडाला पडलेल्या जखमा चिघळल्या, लघवीचा संसर्ग वर चढला, त्यात गेला. हा फरक त्यावेळी आम्हाला कोणालाच माहीत नव्हता. पुढे डॉ. लुडविग गुटमान या माणसाबद्दल वाचायला मिळालं तेव्हा कळलं, की हा फरक ओळखण्यातच त्यांचं सगळं आयुष्य गेलं. आज त्यांची जयंती, म्हणून हे लिहितोय.

गुटमान जन्मले ३ जुलै १८९९ रोजी, टोस्ट नावाच्या छोट्या गावात. तेव्हा ते जर्मनीत होतं, आता पोलंडमध्ये आहे. घर ज्यू धर्माचं. लहानपण गेलं कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात. १९१७ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, अठरा वर्षांचा लुडविग खाणकामगारांच्या अपघाती दवाखान्यात मदतनीस म्हणून लागला. म्हणजे वॉर्डबॉयच म्हणा.

तिथं एक दिवस धिप्पाड, तरुण खाणकामगार आणला. पाठीचा कणा मोडलेला, पाय निकामी. डॉक्टरांनी त्याला प्लास्टरमध्ये गुंडाळलं आणि पडद्याआड एका बाजूला ठेवून दिलं. लुडविग कागदावर त्याची माहिती लिहायला लागला तर वरच्यांनी सांगितलं, उगाच कशाला लिहितोस, काही आठवड्यांत जाणार आहे तो. आणि तसंच झालं. पाच आठवड्यांत तो गडी गेला. अंगावर जखमा, लघवीत पू आणि ताप. पोराच्या डोक्यातून ते चित्र पुढं कधी गेलं नाही.

इथं थोडं समजून घेऊ, म्हणजे पुढचं कळेल. मणक्याच्या आतून मेंदूकडून खाली एक दोरी जाते, मज्जारज्जू. बोअरची केबल मधेच तुटली की मोटर धडधाकट असून पाणी येत नाही, तसंच हे. पाय चांगले असतात, पण त्यांना हुकूम पोचत नाही आणि त्यांच्याकडून वर निरोपही येत नाही. आपण एकाच कुशीवर पडलो की अंग दुखतं, मुंग्या येतात, झोपेतसुद्धा आपण कूस बदलतो. या माणसाला मुंग्याच येत नाहीत. हाडाखालची कातडी दबून राहते, तिथलं रक्त थांबतं, काही तासांत कातडी मरायला लागते. मग जखम पार हाडापर्यंत जाते. दुसरं म्हणजे लघवीची पिशवी भरल्याचं त्याला कळत नाही आणि ती पूर्ण रिकामीही होत नाही. साठलेल्या लघवीत संसर्ग होतो, तो किडनीपर्यंत चढतो आणि तिथून सगळ्या रक्तात. पहिल्या महायुद्धात अशा जखमी सैनिकांपैकी दहातले आठ जण फार दिवस काढत नसत. डॉक्टर म्हणायचे मणका मोडला म्हणून गेला. खरं तर तो पडून राहिल्याने जायचा.

गुटमान १९१८ मध्ये डॉक्टरकीला गेले, १९२४ साली पदवी मिळाली. ब्रेस्लाऊ या शहरात ऑटफ्रिड फोर्स्टर नावाचे मेंदू आणि नसांचे मोठे तज्ज्ञ होते, त्यांच्या हाताखाली शिकले. तिशी ओलांडली तोवर जर्मनीतल्या नावाजलेल्या न्यूरोसर्जनमध्ये त्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं. आणि मग १९३३ आलं. हिटलर सत्तेवर आला, ज्यू डॉक्टरांना सरकारी दवाखान्यांतून काढलं. गुटमानांचीही नोकरी गेली. ते ब्रेस्लाऊच्या ज्यू दवाखान्यात गेले आणि १९३७ मध्ये तिथले प्रमुख झाले.

९ नोव्हेंबर १९३८ ची रात्र. जर्मनीभर ज्यूंची दुकानं फोडली, प्रार्थनास्थळं जाळली, हजारो पुरुष पकडून छळछावणीत नेले. त्या रात्री गुटमानांनी दवाखान्याच्या लोकांना हुकूम दिला, की दारात येईल त्या माणसाला काही न विचारता भरती करून घ्यायचं. ६४ जण भरती झाले. सकाळी नाझी पोलीस आले. एका रात्रीत एवढे आजारी कुठून पडले, हा त्यांचा प्रश्न. गुटमान त्यांना घेऊन पलंगापलंगाशी फिरले आणि प्रत्येकाला एकेक मोठा आजार लावून दिला. असं सांगतात की पोलिसांच्या मागे उभं राहून ते तोंड वेडंवाकडं करून दाखवायचे, म्हणजे पलंगावरच्याने ओळखून कण्हायला सुरुवात करावी. ६४ पैकी ६० माणसं त्या दिवशी वाचली. डॉक्टरकीतली खोटी चिठ्ठी आपण वेगळ्या कारणाने ऐकून असतो. ही त्यातली पुण्याची म्हणायची.

पण आता जर्मनीत राहणं म्हणजे मरणच. त्यातच सरकारने त्यांना पोर्तुगालला एका बड्या असामीच्या उपचाराला पाठवलं. परतताना ते लंडनला थांबले. परागंदा विद्वानांना मदत करणारी एक संस्था तिथं होती, तिने सोय केली. मार्च १९३९ मध्ये बायको आणि दोन लहान मुलांना घेऊन गुटमान इंग्लंडला पोचले, दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या सहा महिने आधी.

ऑक्सफर्डला काम मिळालं, पण प्रयोगशाळेतलं. ज्या माणसाने एवढी ऑपरेशनं केली तो तुटलेल्या नसा कशा जुळतात याचा अभ्यास करत बसला. चार वर्षं अशी काढली. परक्या देशात, परक्या भाषेत, त्यात जर्मनीतून आलेला म्हणून लोकांच्या डोळ्यांत संशय. शहरात पोरांच्या शिक्षणासाठी खोली करून राहिलेल्या माणसाला यातलं थोडं समजेल.

१९४३ मध्ये सरकारला जाग आली. युरोपात मोठी चढाई करायची तयारी चालू होती, म्हणजे मणक्यात गोळी लागलेले सैनिक ढिगाने येणार हे नक्की होतं. त्यांच्यासाठी वेगळा विभाग काढायचं ठरलं, पण तिथं जायला कोणी तयार होईना. ज्या कामात माणूस हमखास मरतो त्यात कोण नाव घालवणार? गुटमानांना विचारलं. त्यांनी एकच अट घातली, की काम माझ्या पद्धतीने करीन, वरून कोणी ढवळाढवळ करायची नाही. सोबतचे डॉक्टर म्हणाले की हा माणूस स्वतःला गाडून घ्यायला निघालाय.

१ फेब्रुवारी १९४४. एल्सबरी गावाजवळ स्टोक मँडेव्हिल इथं बराकीसारख्या वॉर्डात विभाग सुरू झाला. चोवीस-पंचवीस पलंग आणि एक रुग्ण. हाताखाली माणसं थोडी, सामान अपुरं. थोड्याच महिन्यांत जखमींची रांग लागली. कित्येक जण प्लास्टरच्या कवचात घालून आणलेले, कवच काढलं की आत सडलेल्या जखमा.

गुटमानांनी काय केलं ते सांगायला बसलं तर साधं वाटतं. प्लास्टर काढून टाकलं. अंगाखाली मऊ उशा रचल्या. आणि नियम घातला, की दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची. दिवसा, रात्री, सणाला, लढाई चालू असताना, कधीही. त्यासाठी तीन-चार जणांची टोळी केली, ती वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची आणि पोचेपर्यंत पुन्हा पहिल्याची वेळ झालेली असायची. लघवीसाठी नळी घालायची ती संपूर्ण निर्जंतुक पद्धतीने, आणि ती डॉक्टरनेच घालायची. नर्सवर, शिपायावर ढकलायची नाही. सुरुवातीला ते हे स्वतः करायचे. रात्री दोन वाजता वॉर्डात येऊन उभे राहायचे आणि कूस बदलली की नाही ते बघायचे. बदलली नसेल तर मग त्या शिपायाची खैर नाही.

मला विचाराल तर गुटमानांचं मोठेपण इथं आहे. त्यांनी कुठलं नवीन औषध शोधलं नाही. तुटलेला मज्जारज्जू त्यांना जोडता आला नाही, आजही कोणाला जोडता येत नाही. पण दोन तासाला कूस बदलणं आणि लघवी स्वच्छ ठेवणं, एवढ्यावर मरणारी माणसं जगायला लागली. महिन्यांत नाही तर वर्षानुवर्षं. हे काम आपल्या घरातली सून, आई, भाऊ करू शकतात. लकवा मारून पडलेल्या आजोबाला आणि कंपवाताने अंथरुणाला खिळलेल्या आजीलाही हेच लागतं. फक्त कोणीतरी त्यांना ते नीट दाखवून द्यायला हवं. डिस्चार्जच्या दिवशी गोळ्यांची चिठ्ठी मिळते, कूस कशी बदलायची ते कोणी दाखवत नाही, हा आमच्याकडचा अनुभव. त्या वस्तीवरच्या पोराच्या आईला एवढं कोणी सांगितलं असतं तर ती माउली रात्रभर जागली असती. तशीही ती जागीच असायची.

आता माणूस जगला. पुढं काय? जन्मभर छताकडे बघत पडायचं? हा प्रश्न गुटमानांना पहिल्या प्रश्नाइतकाच मोठा वाटत होता. त्यांचं म्हणणं असं, की या माणसाने कर भरणारा नागरिक म्हणून घरी गेलं पाहिजे. म्हणून जखम भरायला लागली की उठून बसायचं, हाताचे-खांद्याचे व्यायाम करायचे, खुर्चीवर स्वतः चढायचं, स्वतः उतरायचं. दवाखान्यातच सुतारकाम आणि घड्याळ दुरुस्तीची कार्यशाळा काढली, टायपिंग शिकवलं. सकाळी कामाला गेला नाही तर डॉक्टरसाहेबांची बोलणी खायची. बरेच जण चिडायचे. पाय गेलेल्या माणसाला जरा गप पडू द्या ना! पण गुटमान ऐकायचे नाहीत. स्वभाव तापट, हुकमी, आवाज मोठा, जर्मन वळणाची इंग्रजी. तरी त्याच रुग्णांनी त्यांचं नाव पाडलं होतं पॉपा, म्हणजे बाबा.

काळही थोडा साथीला आला. १९४४ मध्येच ब्रिटनमध्ये कायदा झाला, की वीस किंवा त्याहून जास्त कामगार असतील त्या मालकाने अपंगांना ठरावीक वाटा द्यायचा, तो पुढे ३ टक्के ठरला. कारखान्यांच्या जवळ अशा लोकांसाठी वसतिगृहंही निघाली. आधी फक्त सैनिकांसाठी असलेला विभाग पुढे साध्या लोकांनाही खुला झाला. त्यात खाणकामगारही आले. १९१७ चा तो पडद्याआडचा गडी आठवत असणार त्यांना.

खेळाची गोष्ट अशी सुरू झाली. वॉर्डाबाहेर काही पोरं खुर्चीवर बसून हातातल्या काठ्या उलट्या धरून एक लाकडी चकती इकडून तिकडे मारत होती. गुटमानांनी पाहिलं आणि ओरडण्याऐवजी त्याचा खेळच केला, खुर्चीवरचा पोलो. पण त्यात धडाधड खुर्च्या आपटायला लागल्या, मग तो बंद करून चेंडू जाळीत टाकण्याचा खेळ आणला. आणि धनुष्यबाण. धनुष्य ओढायला खांदे आणि पाठ लागते, जी या माणसांना मजबूत करायचीच असते. शिवाय पाय असलेल्या माणसाशी बरोबरीने उतरता येतं.

२९ जुलै १९४८ ला लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन होतं. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा झाली, १४ पुरुष आणि २ बायका. सगळे चाकाच्या खुर्चीवर. पुढच्या वर्षी गुटमानांनी सांगून टाकलं, की एक दिवस ही अपंगांची ऑलिंपिक होईल. ऐकणाऱ्यांना ते फारच वाटलं असणार. १९५२ मध्ये हॉलंडचे खेळाडू आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये ऑलिंपिक संपल्यावर रोम शहरात २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू उतरले. राहायच्या इमारती खांबांवर उंच बांधलेल्या, वर जायला जिने. मग इटलीच्या सैनिकांनी खेळाडूंना खुर्चीसकट उचलून वर-खाली नेलं. ऑलिंपिकची व्यवस्था असूनही रॅम्प नाही! आपल्या तहसीलला दुसऱ्या मजल्यावर दाखला घ्यायला गेलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही. आज जिला पहिली पॅरालिंपिक म्हणतात ती हीच.

सगळंच गोड होतं असं नाही. गुटमानांना आपली स्पर्धा बराच काळ मणक्याच्या रुग्णांपुरतीच हवी होती. हात-पाय कापलेले आणि अंध खेळाडू तिच्यात आले ते १९७६ ला, टोरांटोच्या वेळी. एवढा मोठा माणूस, पण आपलं शेत दुसऱ्याला कसू द्यायला त्यालाही जड गेलं.

या गोष्टीचा एक धागा आपल्या सांगली जिल्ह्यात येतो. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात होते. १९६५ च्या युद्धात काश्मीरमध्ये त्यांना गोळ्या लागल्या, एक मणक्यात बसली, कंबरेखालचं अंग गेलं. मुंबईला नौदलाच्या अश्विनी दवाखान्यात उपचार चालू असताना त्यांनी पोहणं धरलं. १९६८ ला तेल अवीवच्या स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले. आणि १९७२ ला हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदात पोहून सुवर्णपदक आणि जागतिक विक्रम. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. हायडेलबर्ग जर्मनीत आहे. ज्या देशाने गुटमानांना हाकललं तिथंच त्यांनी उभ्या केलेल्या स्पर्धेत आपल्या सांगलीच्या जवानाने झेंडा लावला. पेटकरांना २०१८ ला पद्मश्री मिळाली आणि २०२४ ला त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' सिनेमा आला, तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. मणक्याच्या जखमी जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. साध्या माणसासाठी तसं काही तालुक्याला नाही, जिल्ह्यालाही शोधावं लागतं.

गुटमानांना १९६६ मध्ये सर ही पदवी मिळाली. त्याच सुमारास ते निवृत्त झाले, पण घरी बसले नाहीत. १९६९ मध्ये दवाखान्याशेजारी अपंगांसाठी क्रीडासंकुल उभं राहिलं, उद्घाटनाला राणी आली होती. १९७३ ला मणक्याच्या दुखापतींवर जाडजूड पुस्तक लिहिलं. १८ मार्च १९८० रोजी, ऐंशी वर्षांचे असताना, हृदयविकाराने गेले. स्टोक मँडेव्हिलचा विभाग अजून चालू आहे. २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकच्या शुभंकराचं नावच मँडेव्हिल ठेवलं होतं.

आता आपल्याकडचं थोडं. उंचावरून पडलेल्या माणसाला हातापायाला धरून जीपमध्ये कोंबू नका. मान-पाठ वाकवू न देता सरळ फळीवर घ्या आणि १०८ ला फोन करा. बऱ्याच वेळा मज्जारज्जूला जास्तीचा मार आपण उचलण्यातच देतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ७ ऐवजी २१ प्रकार धरले आहेत. त्यात कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि नसांचे इतर जुनाट आजारही आहेत, म्हणजे आमचं अपंगत्व बसत नाही असं समजून घरी बसू नका. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड असलं तर निराधार योजनेसारख्या गोष्टींचा अर्ज करता येतो.

आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून चाकाची खुर्ची, हवेची गादी घेता येते का, हे कोणी विचारत नाही. काही गावांत वर्षाच्या शेवटी घाईने काहीतरी वाटप होतं आणि फोटो निघतो. आमच्या गावात अंथरुणाला खिळलेली किती माणसं आहेत ते आम्ही तिघांनी वस्ती-वस्तीवर जाऊन मोजलं, अकरा निघाली. त्यातल्या चौघांच्या पाठीला जखमा होत्या. ही यादी घेऊन १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उभं राहणार आहे. काय होतं ते इथंच कळवतो.